जवस, घाणा आणि उतारवय

राजगुरुनगरच्या पेठेंतील एका औषधांच्या दुकानांत गेल्या हिंवाळ्यांत आम्ही मातोश्रींसह उभे होतों. त्यांचें वय ऐशींच्या पुढें गेलें आहे. गुडघे कुरकुर करितात, जवळच्या माणसांचीं नांवें मधूनच हरवतात, आणि रक्तदाबाची गोळी तर कित्येक वर्षांची सोबतीण झाली आहे. दुकानदारानें नेहमींच्या गोळ्यांबरोबर एक नवी बाटली पुढें सरकविली. आंत मधाच्या रंगाच्या, पारदर्शक, टपोऱ्या गोळ्या होत्या. "आजी, ही ओमेगाची गोळी रोज एक घ्या. हृदय, गुडघे, डोकें, सगळ्यांना चांगली. म्हातारपण दहा वर्षें लांब राहील," असें त्यानें मोठ्या आपुलकीनें सांगितलें. मातोश्रींनीं एकच प्रश्न केला, "हें तेल कशाचें?" "माशाचें," दुकानदार म्हणाला, आणि बाटली आली तशी परत गेली. घरीं येतांना त्या म्हणाल्या, "असलेंच कांहीं जवसांतहि असतें म्हणतात. आमच्या माहेरीं जवस रोज पानांत असे रे. पण तो खाऊन कोणी म्हातारें व्हायचें राहिलें नाहीं."

इतिहास शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला इतका नेमका शेरा क्वचित् ऐकावयास मिळतो. ह्या एका प्रश्नावर आज दोन पक्ष मोठ्या आवेशानें भांडत असतात. एक पक्ष म्हणतो, आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होतें. त्यांच्या ताटांत सर्व कांहीं होतें. आपण तें टाकलें आणि रोगी झालों. दुसरा म्हणतो, तें सर्व अज्ञान होतें; आतां शास्त्रानें सार काढून बाटलींत भरलें आहे, तेवढें गिळावें म्हणजे झालें. दोन्ही पक्षांचें म्हणणें वस्तुतः इतिहासाविषयींचें आहे, आणि म्हणूनच इतिहासाच्या कसोटीवर तें घासून पाहण्याचा अधिकार आम्हांसहि पोंचतो असें समजून हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमच्या प्रांताकडेच पाहूं. राजगुरुनगर म्हणजे जुनें खेड. भीमेच्या कांठीं, पुण्याहून नाशिकास जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव वसलें आहे. तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकरचा डोंगर, पूर्वेस उतरत गेलेली सपाटी, आणि दक्षिणेस चाकण. डोंगराकडील हलक्या, उतरत्या जमिनींत कारळा, ज्यास खुरासणी असेंहि म्हणतात. सपाटीवरील काळ्या जमिनींत रब्बीची करडई आणि जवस. शिवाय तीळ, अशीं गळिताचीं धान्यें ह्या बाजूस फार पूर्वींपासून होत आलीं. मुंबई सरकारनें पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर १८८५ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांत जवसाची नोंद आहे ती मोठी बोलकी आहे. जवस स्वतंत्र तुकड्यांत, अथवा गहूं-हरभऱ्याच्या शेतांत ओळी टाकून पेरीत. बियांची चटणी करीत. तेल स्वयंपाकांत वापरीत. आणि झाडाच्या वाखाचा मात्र कांहींच उपयोग करीत नसत. मातोश्री सांगतात कीं, पौषांत सकाळीं शेताच्या त्या ओळी निळ्याशार दिसत, आणि दुपारीं जेवणाची शिदोरी घेऊन जावें तों पाकळ्या गळून गेलेल्या असत. जवसाचें फूल खरोखरच अर्ध्या दिवसाचें असतें.

ह्या धान्यांचें तेल निघे तें घाण्यावर. लांकडी उखळ, त्यांत तिरपी फिरणारी जड लाट, तिला जुंपलेला आणि डोळ्यांवर झांपड बांधलेला बैल, हें चित्र आतां पुस्तकांतच उरलें आहे. घाणा सावकाश फिरे. एका खेपेस थोडेंच बी मावे. तेल ताजें निघे आणि ताजेंच खपे. राहिलेली पेंड गुरांस जाई. गांवगाड्यांत तेली हा अलुत्यांत गणलेला. कोंकणांत तर हा धंदा पिढ्यान् पिढ्या करणारा एक समाज यहुदी धर्माचा होता. बेने इस्रायल हे शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस 'शनवार तेली' असें नांव दिलें होतें. परंतु खेड-चाकणच्या माणसास घाणा म्हटला कीं आठवतात ते संताजी जगनाडे. परंपरा असें सांगते कीं, सतराव्या शतकांत चाकणच्या तेल्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला, तुकोबांच्या टाळकऱ्यांत ते सामील झाले, आणि तुकोबांचे अभंग त्यांनीं आपल्या हातानें लिहून ठेविले. त्यांची समाधि सुदुंबरें येथें आहे. भारताच्या टपाल खात्यानें २००९ मध्यें त्यांचें तिकीट काढलें. आज चाकण म्हटलें म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढें मोटारींचे कारखाने उभे राहतात, आणि तेथें तेल ह्या शब्दाचा अर्थहि निराळा झाला आहे. पण ह्या मातींत तेल गाळणें हें एकेकाळीं भक्तीच्या शेजारीं बसण्यासारखें काम होतें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

आतां पूर्वजांच्या ज्ञानाचा प्रश्न. संस्कृतांत 'तैल' हा शब्दच तिळापासून आलेला आहे. म्हणजे तेल म्हणजे मुळांत तिळाचें, बाकीचीं सर्व उपचारानें तेलें. चरकसंहितेंत आहाराचा जो मोठा अध्याय आहे, त्यांत तिळाच्या तेलास अग्रपूजेचा मान आहे. त्याच ठिकाणीं एक मौजेची गोष्ट सांगितली आहे: पूर्वीं दैत्यांचे अधिपति तेलाच्या सेवनानें जरारहित, निर्विकार, न थकणारे आणि युद्धांत अतिबलवान् झाले होते. सुज्ञ वाचकांनीं पहावें, तेलानें म्हातारपण हटतें ही कल्पना औषधाच्या दुकानदाराची नव्हे. ती किमान दीड-दोन हजार वर्षांची जुनी आहे. दैत्य पुढें जिवंत राहिले नाहींत ही गोष्ट अलाहिदा.

पण जवसाचें काय? जवस म्हणजे संस्कृतांतील अतसी, उमा अथवा क्षुमा. तिच्या वाखापासून विणलेलें वस्त्र तें क्षौम. तें पवित्र आणि मौल्यवान् मानलें जाई. तिच्या फुलाच्या निळाईची उपमा कवींनीं विष्णूच्या अंगकांतीस दिली आहे. परंतु तिच्या तेलाविषयीं चरकाचें मत फारसें गौरवाचें नाहीं. तें उष्ण आहे, वातास हितकर आहे, पण रक्तपित्त वाढविणारें आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. तेव्हां जवस हें पूर्वजांचें रसायन होतें आणि त्याचें रहस्य ते जाणून होते, ह्या म्हणण्यास ग्रंथांचा आधार मिळत नाहीं. खेडच्या शेतकऱ्यानें जवस खाल्ला तो हृदयासाठीं नव्हे. गव्हाच्या दोन ओळींमध्यें तो सहज येई, थोड्या ओलाव्यावर पिके, आणि भाजून, लसूण-मिरचीबरोबर कुटून कोरड्या भाकरीस त्याची चव लागे, एवढेंच त्याचें कारण. शहाणपण असलें तर तें शेताचें होतें, आणि ताटांत आलेला गुण हा त्याचा आनुषंगिक लाभ होता.

ही साखळी तुटली कशी, हें पाहणें अधिक उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपास जवसाची मोठी गरज पडली, पण ती खाण्यासाठीं नव्हे. जवसाचें तेल पातळ थरांत पसरलें असतां हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट, चिवट पापुद्रा धरतें. म्हणून रंग, रोगण आणि छापण्याची शाई ह्यांसाठीं त्यास जोड नाहीं. १८६० नंतरच्या दशकांत फ्रेडरिक वॉल्टन ह्या इंग्रज गृहस्थानें ह्याच गुणाचा उपयोग करून जमिनीवर अंथरण्याचें लिनोलियम काढलें, आणि मागणी आणखी वाढली. १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी चालूं लागल्यावर दख्खनचें धान्य मुंबईच्या धक्क्यापर्यंत पोंचणें सुलभ झालें. हिंदुस्थान त्या काळीं इंग्लंडास जवस पुरविणाऱ्या मुख्य देशांपैकीं एक होता. आमच्या शेतांतील निळीं फुलें अशा रीतीनें लंडनच्या दरवाज्यांवर रंग होऊन बसलीं.

दरम्यान दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या भुईमुगानें दख्खनचें शेत व्यापण्यास प्रारंभ केला. त्याच्या दाण्यांत तेल भरपूर, तें लवकर खवट होत नाहीं, आणि बाजारांत त्यास उठाव मोठा. यंत्राच्या घाण्यांस असें एकजिनसी बी सोयीचें पडलें. आमच्या लहानपणीं 'गोडेतेल' म्हटलें कीं शेंगदाण्याचेंच, असा अर्थ पक्का झाला होता. त्यांत वाईट कांहींच नव्हतें. परंतु जवसांत जें एक द्रव्य होतें, तें शेंगदाण्यांत जवळजवळ नाहीं, ही गोष्ट त्या वेळीं कोणास ठाऊक नव्हती. ठाऊक होण्यासारखीहि नव्हती.

तें द्रव्य कोणतें, हें समजण्यास रसायनशास्त्राच्या इतिहासांत थोडें शिरावें लागतें. तेल आणि चरबी ह्यांची शास्त्रशुद्ध उकल प्रथम केली ती फ्रान्सच्या मिशेल शेव्हरल ह्यानें. साबण कसा बनतो ह्याचा शोध घेतां घेतां त्यास चरबींतून निरनिराळीं आम्लें वेगळीं करतां आलीं, आणि १८२३ मध्यें त्यानें त्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हा शेव्हरल १७८६ मध्यें जन्मला आणि १८८९ मध्यें वारला. म्हणजे चरबीच्या ह्या पहिल्या पंडितास एकशें दोन वर्षांचें आयुष्य लाभलें. आयुष्याच्या अखेरीस वार्धक्याचा माणसावर काय परिणाम होतो ह्याचा अभ्यासहि त्यानें आरंभिला होता. अभ्यासाचा विषय आपणच असल्यामुळें त्यास साधनांची वाण पडली नसावी.

तेलांतील हीं आम्लें म्हणजे कार्बनाच्या अणूंच्या लांब साखळ्या होत. साखळींत कोठें दुहेरी बंध नसला तर ती सरळ राहते आणि चरबी थिजते. दुहेरी बंध असले तर ती वांकते आणि तेल पातळ राहतें. साखळीच्या शेवटच्या टोंकास ग्रीक वर्णमालेंतील शेवटच्या अक्षरावरून 'ओमेगा' म्हणतात. त्या टोंकाकडून मोजतां पहिला दुहेरी बंध तिसऱ्या अणूपाशीं आला तर तें ओमेगा-तीन, सहाव्यापाशीं आला तर ओमेगा-सहा. १९२९ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज बर व त्याची पत्नी मिल्ड्रेड ह्यांनीं उंदरांस चरबीविरहित अन्न देऊन पाहिलें. उंदीर वाढेनात, त्यांच्या कातडीस आणि शेपटांस विकृति झाली, आणि पुढें ते मेले. ठराविक आम्लें थोड्या प्रमाणांत दिलीं कीं ते सुधारत. चरबी म्हणजे नुसतें इंधन, हा समज त्या दिवशीं मोडला. कांहीं आम्लें शरीरास आपल्या आपण बनवितां येत नाहींत. तीं अन्नांतूनच यावीं लागतात.

आतां आपल्या तेलांकडे ह्या दृष्टीनें पहा. करडईच्या साध्या तेलांत सुमारें तीन चतुर्थांश भाग ओमेगा-सहाचा. कारळ्यांतहि त्याचेंच प्राबल्य. तिळांत तें सुमारें दोन पंचमांश. शेंगदाण्यांत तिसऱ्या हिश्श्याच्या आंतबाहेर. ओमेगा-तीन ह्या साऱ्यांत नांवापुरतें. जवसाच्या तेलांत मात्र निम्म्याहून अधिक भाग त्याचाच असतो. आणि मौज अशी कीं, ज्या तीन दुहेरी बंधांमुळें तें शरीरास उपयोगी, त्याच बंधांमुळें तें प्राणवायु झटपट ओढून घेतें. दरवाज्यावरचा रंग सुकतो आणि बरणींतील तेल खवट होतें तें एकाच कारणानें. घाण्याच्या काळीं हें चालून गेलें, कारण तेल थोडें आणि ताजें असे. दूरच्या कारखान्यांतून डबाबंद होऊन महिनोन् महिने फळीवर राहणाऱ्या तेलाच्या युगांत जवसास जागा उरली नाहीं. व्यापारास जें टिकाऊ तें हवें असतें. शरीरास जें हवें तें पुष्कळदां नाशवंत असतें.

टिकाऊपणाच्या ह्या हव्यासाचें टोंक म्हणजे वनस्पति तूप. जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मन ह्यानें १९०२ मध्यें पातळ तेलास उद्जन वायु पाजून तें घट्ट करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. म्हणजे दुहेरी बंध मुद्दाम नाहींसे करावयाचे. १९३७ मध्यें आपल्याकडे डालडा बाजारांत आला, आणि ताडाच्या झाडाचें चित्र असलेला त्याचा पिंवळा डबा मध्यमवर्गाच्या घराघरांत पोंचला. तेल संपल्यावर त्याच डब्यांत तुळस लावीत. तूप परवडत नाहीं, पण लग्नांत जिलबी तर झाली पाहिजे, ह्या पेंचांतून त्यानें पुष्कळ गृहस्थांस सोडविलें. त्या घट्ट करण्याच्या कृतींत कांहीं साखळ्या अर्धवट आणि उलट्या वळणाच्या राहतात, आणि त्या हृदयाच्या धमन्यांस अपायकारक असतात, ही गोष्ट स्पष्ट होण्यास विसाव्या शतकाचें शेवटचें दशक उजाडलें; आणि आपल्या देशांत तेला-तुपांतील ह्या अपायकारक द्रव्याचें प्रमाण दोन टक्क्यांवर आणण्याचा नियम अमलांत आला तो १ जानेवारी २०२२ रोजीं. १९३७ ते २०२२, म्हणजे पंचाऐंशीं वर्षें. एका माणसाचें पूर्ण आयुष्य ह्या अंतरांत मावतें. आमच्या मातोश्रींचें सारें आयुष्य ह्याच अवधींत गेलेलें आहे.

पुढची हकीकत वाचकांस परिचित आहे. शुद्धीकरण केलेलें करडईचें तेल हृदयाचा मित्र म्हणून आलें, मग सूर्यफुलाचें आलें, मग सोयाबीन. १९८६ मध्यें सरकारनें तेलबियांची मोहीम उघडली तेव्हां कांहीं वर्षें देश बराच स्वावलंबी झाला. १९९४ नंतर आयात मोकळी होतांच मलाया आणि जावा-सुमात्रा बेटांकडील पामतेलाचा ओघ सुरू झाला. आज देशांत खपणाऱ्या खाद्यतेलांपैकीं निम्म्याहून अधिक बाहेरून येतें. ह्या सर्व फेरबदलांत एक गोष्ट कायम दिसते. ताटांतलें तेल बदललें तें जहाजांमुळें, आगगाडीमुळें, यंत्रामुळें, कायद्यामुळें आणि भावामुळें. आरोग्याचें कारण प्रत्येक वेळीं मागाहून जोडलें गेलें. म्हणून आजच्या बाटलीवरील कारणाकडेहि थोडें थांबून पाहिलें पाहिजे.

माशाच्या तेलाची कीर्ति सुरू झाली ती ग्रीनलंडच्या बर्फांत. १९७० पासून हान्स ओलाफ बँग व योर्न डायरबर्ग हे डॅनिश वैद्य तेथील लोकांच्या रक्ताची व आहाराची तपासणी करूं लागले. सील आणि मासे ह्यांवर जगणाऱ्या त्या लोकांच्या रक्तांत ओमेगा-तीनचीं लांब आम्लें भरपूर सांपडलीं, आणि त्यांस हृदयविकार फार क्वचित् होतो असें समजलें जात होतें. दोन गोष्टींची सांगड घातली गेली, आणि एका मोठ्या उद्योगाचा पाया भरला. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यास येथें खटकावें असें एक स्थळ आहे. रक्त त्यांनीं स्वतः तपासलें. हृदयविकार किती विरळ, हें मात्र सरकारी नोंदवह्यांवरून घेतलें. दूरदूर विखुरलेल्या, वैद्य सहसा न पोंचणाऱ्या वस्त्यांच्या त्या नोंदी कितपत पूर्ण होत्या, असा प्रश्न २०१४ मध्यें कॅनडांतील संशोधकांनीं उपस्थित केला. आमच्या धंद्यांत ह्यास दुय्यम साधन म्हणतात, आणि दुय्यम साधनावर प्रबंधाचा सारा डोलारा उभारूं नये असें आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांस शिकवितों.

पुढें मोठे, काटेकोर प्रयोग झाले. २०१८ मध्यें अमेरिकेंतील 'व्हायटल' ह्या प्रयोगाचा निकाल आला. पन्नाशी ओलांडलेल्या २५,८७१ स्त्री-पुरुषांवर सुमारें पांच वर्षें केलेल्या ह्या प्रयोगांत रोज एक ग्रॅम माशाचें तेल घेणाऱ्यांत हृदयाचे मोठे आघात अथवा कर्करोग ठळकपणें कमी झाले नाहींत. त्याच वर्षीं इंग्लंडांत मधुमेही लोकांवर केलेल्या दुसऱ्या मोठ्या प्रयोगानेंहि हृदयाविषयीं असेंच सांगितलें. रक्तांत विशिष्ट चरबी फार वाढलेल्या रोग्यांस मोठ्या मात्रेंत एक शुद्ध केलेलें ओमेगा-तीन आम्ल दिल्यानें आघात चौथ्या हिश्श्यानें घटल्याचें तिसऱ्या एका प्रयोगांत आढळलें. पण तो वैद्यानें द्यावयाचा उपचार झाला, आणि त्या प्रयोगांत तुलनेसाठीं दिलेल्या तेलाविषयीं वादहि झाला. शिवाय ह्या तेलानें, विशेषतः मोठ्या मात्रेंत, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो असें दिसून आलें.

वार्धक्यासंबंधीं सर्वांत नेमका प्रयोग युरोपांतील पांच देशांत झाला. सत्तरी ओलांडलेल्या २,१५७ लोकांस तीन वर्षें ड जीवनसत्त्व, एक ग्रॅम ओमेगा-तीन, आणि घरच्या घरीं करावयाचा साधा शक्तीचा व्यायाम, हीं निरनिराळ्या जोड्यांनीं देण्यांत आलीं. २०२० मध्यें निकाल आला: रक्तदाब, चालण्याची शक्ति, स्मरण, अस्थिभंग, संसर्गजन्य आजार, ह्यांपैकीं कशावरहि निर्णायक परिणाम दिसला नाहीं. मग २०२५ मध्यें त्याच मंडळींनीं ७७७ जणांच्या रक्ताची सूक्ष्म परीक्षा करून असें जाहीर केलें कीं, पेशींच्या वयाचीं जीं नवीं मापें आहेत, त्यांपैकीं कांहींनुसार ओमेगा-तीन घेणाऱ्यांचें वय तीन वर्षांत सुमारें तीन-चार महिन्यांनीं कमी वाढलें. ही गोष्ट खरी मानली तरी ती तीन-चार महिन्यांची आहे. दुकानदाराच्या दहा वर्षांची नव्हे. आणि पेशींच्या घड्याळांतले ते महिने प्रत्यक्ष जगण्यांत कसे उतरतात, हें त्या मापानें सांगतां येत नाहीं.

येथें आमच्या दोन्ही पक्षांस थोडें ऐकवावें लागेल. जवसाभिमान्यांस असें कीं, जवसांतील ओमेगा-तीन आंखूड साखळीचें असतें. मेंदूस आणि डोळ्यांच्या पडद्यास जीं लांब साखळीचीं आम्लें लागतात, तीं शरीर त्यापासून बनवितें खरें, पण फार थोडीं. माशांत तीं तयार मिळतात. पश्चिम किनाऱ्यावरची तारली आणि बांगडा, ज्यांस बडे लोक गरिबांचे मासे म्हणून नाक मुरडीत, ते ह्या बाबतींत पापलेटाहून सरस आहेत. मासळीस तीं आम्लें मिळतात तीं समुद्रांतल्या सूक्ष्म शेवाळापासून. आणि त्या शेवाळापासून केलेलें तेलहि आतां मिळतें, तेव्हां शाकाहारी मनुष्यास वैद्यानें तसा सल्ला दिल्यास मार्ग अगदींच बंद नाहीं. बाटलीभक्तांस असें कीं, जेवणांत मासे अथवा जवस असणाऱ्या लोकांचें जें बरें दिसतें, तें त्यांच्या साऱ्या जेवणाचें आणि राहणीचें फळ असूं शकतें; त्यांतून एक थेंब वेगळा काढून गोळींत भरला म्हणजे तें सारें फळ गोळींत येतेंच असें नाहीं. रक्त पातळ ठेवण्याचीं औषधें घेणाऱ्या वृद्धांनीं तर वैद्यास विचारल्यावांचून ही गोळी सुरू करूंच नये.

मग म्हाताऱ्या माणसानें करावें काय? शास्त्राचें आजचें उत्तर मोठें साधें, आणि म्हणून कदाचित् न खपणारें आहे. रक्तदाब आणि साखर ताब्यांत ठेवावी. रोज चालावें, आणि पायांत बळ राहील असा व्यायाम करावा. जेवणांत डाळ, दूध, अंडें, मासा ह्यांपैकीं जें चालत असेल तें पुरेसें असावें. तेल बेतानें आणि आलटूनपालटून वापरावें. जवसाची ताजी चमचाभर चटणी रोज पानांत असावी. आणि जेवतांना समोर कोणी असावें. हें शेवटचें कलम आम्हीं सहज घातलेलें नाहीं. आमच्या आळींत अशीं कित्येक घरें आहेत कीं, मुलगा चाकणच्या कारखान्यांत पाळीवर, सून पिंपरीस कामावर, नातू शाळेंत, आणि वृद्ध आईबाप दुपारीं झांकून ठेवलेलें पान एकटींच उघडतात. भूक नाहीं म्हणून अर्धी भाकरी, चावत नाहीं म्हणून चहांत बुडविलेलें बिस्कीट, आणि मग अशक्तपणा येतो म्हणून गोळी. मुलगा प्रेमळ असतो. महिन्याच्या पगारांतून तो सर्वांत महाग बाटली आणून देतो. त्याचें प्रेम खोटें नाहीं, पण वेळ देतां येत नाहीं म्हणून तें बाटलींतून द्यावें लागतें. घाणा बंद पडला हें आम्हांस तितकें दुःखाचें वाटत नाहीं. घाण्याचें तेल जेथें वाढलें जाई ती पंगत मोडली, हें वाटतें.

ह्या गांवानें आपलें जुनें नांव टाकून एका तरुणाचें नांव घेतलें आहे. शिवराम हरि राजगुरु ह्यांचा जन्म येथें २४ ऑगस्ट १९०८ रोजीं झाला, आणि २३ मार्च १९३१ रोजीं लाहोरच्या तुरुंगांत ते फांसावर चढले. त्यांस तेविसावें वर्षहि पुरें करतां आलें नाहीं. ज्या गांवच्या नांवांतच न आलेलें वार्धक्य साठवलेलें आहे, तेथें आलेल्या वार्धक्याकडे हटवून लावण्याची पीडा म्हणून पाहणें आम्हांस थोडें अप्रशस्त वाटतें. तें आलें आहे हेंच पुष्कळांच्या वांट्यास न आलेलें भाग्य आहे. तें चालतें-बोलतें आणि सोबतीचें कसें राहील, एवढाच प्रश्न विचारण्यासारखा आहे.

त्या दिवसानंतर आम्हीं जवस शोधावयास बाजारांत गेलों. दोन-तीन किराणा दुकानांतील मुलांस जवस हा शब्दच कळेना. अखेर एकानें आंतून एक चकचकीत पिशवी काढून दिली. तिच्यावर इंग्रजी नांव होतें, भाव बदामाशीं स्पर्धा करणारा होता, आणि आंत तेच तपकिरी, गुळगुळीत, चपटे दाणे होते. मातोश्रींनीं ते हातावर घेऊन ओळखले, तव्यावर तडतडेपर्यंत भाजले, आणि लसूण, तिखट, मीठ घालून आमच्याकडून खलांत कुटून घेतले. मग शेजारच्या वाड्यांत एकट्या जेवणाऱ्या आपल्या मैत्रिणीस त्यांनीं निरोप पाठविला. दोघी ओट्यावर बसून ज्वारीची भाकरी आणि ती चटणी तासभर खात होत्या. माहेरच्या कुठल्या शेताचा बांध कोणाच्या बाजूस सरकला होता ह्यावर त्यांचा वादहि झाला. ज्या नांवांचा त्यांस एरवीं विसर पडतो, तीं सारीं नांवें त्या वादांत बिनचूक आलीं. हें जवसामुळें झालें असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. एकाच दिवसाच्या एकाच उदाहरणावरून सिद्धांत काढूं नये, हेंहि आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांस शिकवितों.